दोहोंपैकी एक किंवा उत्तरजीवी

जुना सिनेमा चांगला होता हे सांगण्यासाठी तो पाहिलेला असावा लागत नाही. किंबहुना पाहिलेला नसला तर जास्त ठामपणे सांगता येतं. आमच्या शाखेतून निवृत्त झालेले एक हेडकॅशियर रोज अकराच्या सुमारास पासबुक भरून घ्यायला येतात (त्यांच्या खात्यात महिन्यातून एकदाच नोंद होते, ती पेन्शनची), आणि जाताना ‘प्रभातसारखे सिनेमे आता होणे नाही’ एवढं वाक्य काउंटरवर ठेवून जातात. प्रभातचा कोणता सिनेमा, असं विचारलं की म्हणतात, ‘‘सगळेच.’’ आता बँकेत ‘सगळेच’ या शब्दाला काडीची किंमत नाही. आम्हाला व्हाउचर लागतं, त्यावर तारीख लागते, आणि रक्कम अंकी व अक्षरी लागते.

तेव्हा मी एक व्हाउचर काढलं. नाव ‘कुंकू’. साल १९३७. काढणारी कंपनी प्रभात, मुक्काम पुणे. दिग्दर्शक व्ही. शांताराम. मूळ माल नारायण हरी आपटे यांच्या कादंबरीचा, आणि त्या कादंबरीचं नाव ‘न पटणारी गोष्ट’. हाच सिनेमा प्रभातने हिंदीतही काढला, त्याचं नाव ‘दुनिया न माने’.

वाचकहो, या तीन नावांवरच मी एक अख्खा रविवार घालवला. स्वतःच्या कादंबरीचं नाव ‘न पटणारी गोष्ट’ ठेवायला छाती लागते. उद्या आमच्या बँकेने ‘बुडीत मुदत ठेव’ नावाची योजना काढली तर किती लोक रांग लावतील? पण आपट्यांनी कव्हरवरच सांगून टाकलं की बाबा, हे पटायचं नाही, घ्यायचं तर घ्या. ते साताऱ्याकडच्या कोरेगावात राहून लिहीत आणि घरोघर वाचले जात. प्रभातने त्याआधी १९३४ साली ‘अमृतमंथन’ काढला, तोही त्यांच्याच एका कादंबरीवरून. म्हणजे खातं जुनं होतं, व्यवहार चोख होता. गोष्ट हिंदीत गेली तेव्हा दोष सगळ्या दुनियेवर टाकला गेला. मराठीत तो एका बाईच्या कपाळावर येऊन थांबला. कुंकवाच्या डबीची किंमत ती केवढी, पण जाहिरातीत तीच मोठी दिसली.

कादंबरी आधी वाचावी आणि मग सिनेमा पाहावा, असा माझा शिस्तीचा बेत होता. तालुक्याच्या एका वाचनालयात गेलो.

‘‘न पटणारी गोष्ट आहे का?’’

‘‘आहे की,’’ ग्रंथपाल म्हणाले. ‘‘अनुदान दोन वर्षं आलं नाही.’’

मी लेखकाचं नाव सांगितलं. त्यांनी रजिस्टर काढलं. रजिस्टरात पुस्तक होतं, कपाटात नव्हतं. बँकेत असं झालं असतं तर ऑडिटरने आम्हाला उभं जाळलं असतं. पण वाचनालयात याला ‘पुस्तक वाचकप्रिय आहे’ असं म्हणतात. सिनेमा मात्र पुतण्याच्या मोबाइलवर दीड मिनिटात सापडला. कादंबरीवर सिनेमा काढला की कादंबरीचं वाटोळं होतं अशी लेखकांची जुनी तक्रार आहे. या व्यवहारात मला उलटं दिसलं. आज आपट्यांच्या या कादंबरीचं नाव दहा माणसांना ठाऊक असेल तर त्यातल्या नऊ जणांना ते सिनेमामुळेच ठाऊक आहे.

आता गोष्ट. नीरा नावाची एक आईबापावेगळी, शिकलेली, तिखट पोरगी मामाकडे वाढते. मामा पैसे घेऊन तिला फसवून काकासाहेब नावाच्या म्हाताऱ्या विधुर वकिलाच्या गळ्यात बांधतो. काकासाहेबांना मोठा मुलगा आहे, आणि नीरेच्या बरोबरीची वाटावी अशी विधवा मुलगीही आहे. नीरा घरात येते, पण बायको व्हायला साफ नकार देते. ती पळून जात नाही, विहीर जवळ करत नाही, रडून डोळे सुजवून घेत नाही. ‘हे अन्यायाचं आहे आणि मी मानणार नाही’ एवढंच तिचं म्हणणं, आणि ते ती सगळा सिनेमाभर सोडत नाही. सावत्र मुलगा सुट्टीत घरी येतो आणि आईच्या जागी असलेल्या या पोरीशी लघळपणा करायला जातो, तेव्हा ती काठी घेऊन त्याला झोडपून काढते. शेवटी काकासाहेबांचेच डोळे उघडतात. ते तिला मुलगी मानतात, मोकळं करायला निघतात, पण मोकळं करता येत नाही. मग ते जीव देतात आणि ‘योग्य माणसाशी लग्न कर’ असं सांगणारी चिठ्ठी मागे ठेवतात.

हे सगळं १९३७ सालचं. आदल्याच वर्षी याच प्रभातने ‘संत तुकाराम’ काढला होता. म्हणजे गाथा तरताना पाहून हात जोडून बाहेर पडलेल्या प्रेक्षकांना वर्षभरात एक पोरगी नवऱ्याच्या घरात उभी राहून ‘नाही’ म्हणताना पाहावी लागली.

आता मुद्द्याचं विचारतो. आज कसा वाटतो हा सिनेमा?

पहिली गोष्ट, शांत वाटतो. या सिनेमात पार्श्वसंगीत नाहीच. शांतारामबापूंनी ते मुद्दाम टाळलं. जे ऐकू येतं ते घरातलं नाहीतर रस्त्यावरचं: घड्याळाची टिकटिक, पावलं, दार, भांडी. संगीताचा भार केशवराव भोळ्यांवर होता; गाणी आहेत आणि चांगली आहेत, पण प्रसंगाच्या पाठीमागून कोणी व्हायोलिन घेऊन येत नाही. हल्ली टीव्हीवर सासूने सुनेला ‘चहात साखर कमी आहे’ असं म्हटलं तरी तीनदा वीज कडाडते आणि घरातल्या अकरा माणसांचे चेहरे एकेक करून दाखवतात. त्या सवयीच्या कानांना ‘कुंकू’मधली शांतता आधी चुकल्यासारखी वाटते. ‘‘आवाज गेला का हो?’’ असं सौभाग्यवतींनी मला दोनदा विचारलं. वीस मिनिटांनी मात्र त्या घड्याळाची टिकटिक अशी काही अंगावर यायला लागते की आपण आपलं मनगटावरचं काढून ठेवावं. त्या घरात भिंतीवरचं घड्याळ हे एक पात्रच आहे. ते वाजतं तेव्हा वेळ कळते असं नाही, काकासाहेबांचं वय कळतं.

दुसरी गोष्ट काकासाहेबांची. ही भूमिका केशवराव दात्यांनी केली आहे. ‘आंधळ्यांची शाळा’ गाजवलेले, रंगभूमीवरचे मोठे नट. त्यांचा जन्म १८८९ सालचा. बी.कॉम.च्या जोरावर मी हिशेब केला: सिनेमा आला तेव्हा त्यांचं वय अठ्ठेचाळीसच्या आत-बाहेर. आणि मला चालू आहे सेहेचाळिसावं! म्हणजे मी ज्याला तास-दीड तास ‘थेरडा, थेरडा’ म्हणत होतो तो माणूस माझ्याहून जेमतेम दोन वर्षांनी मोठा. ही गोष्ट मी घरात कोणालाही सांगितली नाही. फक्त उठून आरशात पाहून आलो. तिथेही पंचाईत. कारण या सिनेमात आरशाचंही एक प्रकरण आहे. फुटलेल्या आरशाच्या तुकड्या-तुकड्यांत काकासाहेबांना स्वतःचं तोंड दिसतं आणि एकाच म्हाताऱ्याचे दहा म्हातारे होऊन त्यालाच हसायला लागतात. मी आमचा आरसा जपूनच जागेवर ठेवला.

पण खरं मोठेपण यात आहे की या काकासाहेबांचा राग येता येता कीव यायला लागते. खलनायक करणं सोपं असतं. मिशा द्या, हसू द्या, झालं. काकासाहेब तसे नाहीत. ते आपल्या कोणत्याही नातलगासारखे आहेत. घरात बाईमाणूस हवं, लोक म्हणतात म्हणून, शेजारच्यानेही केलंच की, अशा कारणांनी माणूस जितकं वाईट करतो तितकं वाईट त्यांनी केलेलं आहे. आणि ते स्वतः कायदेपंडित आहेत, हे विसरू नका. पुढे लागणार आहे.

नीरा झालेली शांता आपटे तेव्हा विशी ओलांडलेली. ती आजही ताजी आहे, म्हणजे अगदी कालच्या तारखेची. एक प्रसंग तेवढा आज जरा अवघड वाटतो: ती लाँगफेलोची इंग्रजी कविता गाते. तेव्हा लोकांनी तोंडात बोटं घातली असतील. आज ती कॉन्व्हेंटच्या गॅदरिंगसारखी वाटते. बोलण्यात नाटकी हेल आहेत, काही प्रसंग लांबतात, विनोदी म्हणून घातलेलं आता विनोदी राहिलेलं नाही. (विनोदाची मुदत सगळ्यात आधी संपते, हे मी धंद्यातला माणूस म्हणून सांगतो.) पण काकासाहेबांच्या विधवा मुलीच्या कामाला शकुंतला परांजपे आहेत. रँग्लर परांजप्यांची मुलगी, स्वतः केंब्रिजला गणित शिकून आलेली. पुढे त्यांनी संततिनियमनाचं काम अशा काळात केलं जेव्हा तो शब्द उच्चारला तरी लोक खिडक्या लावून घेत. १९६४ साली त्या राज्यसभेवर गेल्या. पांढऱ्या लुगड्यातली अशी विधवा पडद्यावर आली की तिला ‘बिचारी’ म्हणायची आपली हिंमत होत नाही.

उलट आजच्या मालिका पाहा. झी मराठीवर २००९ साली ‘कुंकू’ नावाचीच मालिका सुरू झाली. वयस्क नवरा, कोवळी बायको. २०१८ साली ‘तुला पाहते रे’ आली, त्यातही वयाचं अंतर तेच. फरक इतकाच की १९३७ साली ज्याला जरठविवाह म्हणत होते त्याला आता प्रेम म्हणतात आणि त्याच्या मागे बासरी वाजते. मालिका लोकांनी आवडीने पाहिल्या, आमच्या घरातही पाहिल्या, मी तक्रार करत नाही. पण ऐंशी वर्षांपूर्वीचा सिनेमा पुढे आणि आपण मागे, असं दिसलं की माणसाला कॅलेंडर उलटं टांगल्यासारखं वाटतं.

इथवर माझं मत असं झालं होतं की सिनेमा खणखणीत आहे, फक्त शेवट पडला आहे. म्हातारा मरतो आणि प्रश्न सुटतो, हे काय उत्तर झालं? लेखकाला गाठ सोडवता आली नाही की तो दोरी कापतो, असं माझं टिपणही तयार होतं.

ते टिपण आसगावला फिरलं. आसगाव म्हणजे माझं गाव, तालुका पवनी, जिल्हा भंडारा. धानाचा मुलूख. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. मंडईला लेकी-जावई, पाहुणे-रावळे झाडून सगळे येतात, दिवसा दंडार आणि रात्री नाटक. नाटक दहाला सुरू होऊन कोंबडं आरवेपर्यंत चालतं. झाडीपट्टीच्या नाटकांच्या नावांत कुंकू, सौभाग्य, मंगळसूत्र आणि माहेर यांतलं एक तरी असावंच लागतं. नसलं तर तिकीट काढणाऱ्याला आपण भलत्याच मंडपात शिरलो असं वाटतं. रात्रीच्या जागरणासाठी दुपारी सगळं घर झोप काढत होतं, तेव्हा मी पुतण्याकडून टीव्हीवर ‘कुंकू’ पुन्हा एकदा लावून घेतला. नाव ऐकून शेजारच्या आजी आल्या. त्यांना वाटलं, रात्रीच्या नाटकाची रंगीत तालीम आहे. पडदा काळा-पांढरा आहे हे त्यांनी मनावर घेतलं नाही. मोतीबिंदूनंतर तसंही सगळं त्यांना सारखंच दिसतं.

आजींचं वय कोणालाच माहीत नाही. आधारकार्डावर एक जानेवारी आहे, म्हणजे तेही माहीत नाही. कपाळावर कुंकवाच्या जागी हिरवं गोंदण. आजोबा गेल्यावर कुंकू पुसलं, गोंदण पुसता येत नाही म्हणून राहिलं.

आजींनी सगळा सिनेमा पाहिला. काठीच्या प्रसंगाला ‘‘हाण आणखी’’ म्हणाल्या. शेवट झाला. मी विचारलं, ‘‘कसा वाटला, आजी?’’

‘‘बाबू, हा बुढा वकील होता ना गा?’’

‘‘हो.’’

‘‘पोरीले सोडाचं त्याच्या मनात होतं ना?’’

‘‘होतं.’’

‘‘मंग सोडून देवाचं. मरून काहून गेला?’’

मी म्हटलं, आजी, सोडता येत नव्हतं. आजींनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी चेक असून पैसे देता येत नाहीत असं सांगत होतो. मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या थोरल्या बहिणीचं असंच लहानपणी कुठेतरी दिलेलं होतं. जमलं नाही. पंच बसले, काडी मोडली, सोडचिठ्ठी झाली. पुढच्या साली दुसऱ्या गावच्या माणसाशी पाट लागला, लेकरं झाली, शेती केली. यात वकील कुठेच नव्हता.

मला एकदम उजेड पडला. ‘कुंकू’मधली गाठ ही साऱ्या महाराष्ट्राची नव्हतीच. ती पांढरपेशांच्या घरातली होती. ज्यांच्यात पाट आणि काडीमोड होती त्या कष्टकरी जातींत या गोष्टीला दुसऱ्या अंकातच उतार पडला असता, आणि तसली रूढी कोर्टही बऱ्याचदा मान्य करत असे. अडकली होती ती शिकलेल्यांची पोरगी. जितकं घर वरचं तितकं दार घट्ट.

‘‘म्हणजे तुमच्यात बरं होतं,’’ मी म्हणालो.

‘‘बरं कायचं?’’ आजी म्हणाल्या. ‘‘पाट रातीच लागते, बाबू. अंधारात. लगनवाली एकही बाई दारात उभी राहात नाई. माही बहीण पाटाची म्हणून तिले कोन्याच्या लगनात हळद लावू देल्ली नाई. मरेपर्यंत.’’

यावर मला काही बोलता आलं नाही. आजी उठून नाटकाच्या आधीची झोप काढायला गेल्या.

परत आल्यावर मी आमच्या ओळखीच्या एका वकिलांकडची पुस्तकं चाळली, कारण काकासाहेबांची बाजू आता मला व्यापारी नजरेने तपासायची होती. आणि काय सांगू, एखाद्या जुन्या खात्याची गहाळ पानं सापडावीत तशी एकेक तारीख निघायला लागली.

१८५६ सालापासून हिंदू विधवेला पुनर्विवाह करायची कायद्याने मोकळीक होती. विधवेला! सधवेला नाही. म्हणजे घरात दोन तरुण बायका: एक काकासाहेबांची विधवा मुलगी आणि दुसरी त्यांची बायको. पहिलीला लग्न करायला कायद्याची आडकाठी नाही, दुसरीला आहे, आणि ती आडकाठी म्हणजे स्वतः काकासाहेब. १९३० पासून अंमलात आलेल्या सारडा कायद्याने मुलीचं लग्नाचं वय चौदा केलं होतं. नीरा त्याच्या वरची, त्यामुळे लग्न कायदेशीर. नवरा-बायकोच्या वयात अंतर किती असावं यावर कायदा तेव्हाही गप्प होता आणि आजही गप्प आहे. १९३७ सालीच, म्हणजे सिनेमाच्याच वर्षी, विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेत हिस्सा देणारा कायदा झाला. पण १८५६ चा कायदा असा की तिने दुसरं लग्न केलं की नवऱ्याच्या मालमत्तेवरचा तिचा हक्क संपला. एका खिडकीवर जमा, दुसऱ्या खिडकीवर नावे. आमच्या बँकेत याला व्यवहार पूर्ण झाला असं म्हणतात.

घटस्फोट? बडोद्याच्या सयाजीरावांनी १९३१ सालीच आपल्या संस्थानातल्या हिंदूंसाठी तो कायदा केला होता. पण त्यासाठी बडोद्याची प्रजा असावं लागे; नुसतं गाडीचं तिकीट काढून भागत नव्हतं. मुंबई प्रांतात तो यायला १९४७ साल उजाडलं. आणि आम्ही भंडाऱ्याची माणसं तर मुंबई प्रांतातही नव्हतो. मध्यप्रांत आणि वऱ्हाडात होतो, राजधानी नागपूर. आमच्याकडे थेट १९५५ चा हिंदू विवाह कायदा आला तेव्हाच हे दार उघडलं.

बरं, १९५५ साली तरी काकासाहेब सुटले असते का? कायद्यात कारणांची यादी होती. व्यभिचार, धर्मांतर, असाध्य वेड, महारोग वगैरे. नवरा म्हातारा आहे, हे कारण त्यात नव्हतं. दोघांचीही इच्छा आहे, हेही नव्हतं. फसवून लग्न लावलं असेल तर वर्षाच्या आत कोर्टात जाऊन ते रद्द करून घेता येत होतं. नीरेसारखी मुलगी गेलीही असती. पण काकासाहेबांनी स्वतः होऊन सोडायचं म्हटलं तर त्या यादीत त्यांना सभ्यपणे जमेल असं मला एकच कलम दिसलं: संसाराचा त्याग करून संन्यास घेणे. म्हणजे वकिलाने भगवी वस्त्रं घालायची आणि बायकोने त्याच्यावर अर्ज टाकायचा! परस्परसंमतीने घटस्फोट ही सोय हिंदू विवाह कायद्यात आली १९७६ साली. सिनेमानंतर एकोणचाळीस वर्षांनी.

आणि सिनेमात असतं काय? परस्परसंमतीच! तिला सुटायचं आहे, त्याला सोडायचं आहे. अर्जावर दोघांच्या सह्या तयार आहेत. तो घेणारी खिडकीच बांधलेली नाही. मग त्या वृद्ध वकिलाने उपलब्ध कायद्यात जी एकमेव वाट होती ती काढली. सधवा मोकळी होत नाही, विधवा होते. म्हणून त्याने तिला विधवा केली. मी ज्याला ‘पडलेला शेवट’ म्हणून टिपण केलं होतं ते एका वकिलाने १८५६ च्या कायद्याचं अचूक केलेलं वाचन होतं. लेखकाने दोरी कापली नव्हती. सरकारने दुसरी सोय ठेवली नव्हती. मी ते टिपण फाडलं आणि आपट्यांना मनातल्या मनात नमस्कार केला.

याच रोगावर चाळीस वर्षं आधी गोविंद बल्लाळ देवलांनी ‘शारदा’ लिहिलं होतं, १८९९ साली. तिथला म्हातारा नवरदेव भुजंगनाथ. देवलांनी शारदेला कशी सोडवली? वधूवर सगोत्र निघाले म्हणून! तांत्रिक हरकत! आमच्या क्षेत्रात ‘सही जुळत नाही’ म्हणून चेक परत करतात तसं ते लग्न परत केलं. देवलांच्या वेळी गोत्राने सोडवलं, आपट्यांच्या वेळी मरणाने, आणि आपल्या वेळी कोर्टात थोडेफार महिने थांबल्यावर न्यायाधीश सोडवतात. कायद्यापुरतं म्हणाल तर ‘न पटणारी गोष्ट’ पटलेली आहे.

राहता राहिलं कुंकू.

आमच्याकडे जोडखातं उघडताना एक रकाना असतो: ‘दोहोंपैकी एक किंवा उत्तरजीवी’. म्हणजे दोघांपैकी कोणीही पैसे काढावेत, आणि एक गेला तर मागे राहील त्याने. किती सरळ शब्द आहे पाहा, उत्तरजीवी. त्यात बाप्या आणि बाई असा भेद नाही, वैधव्य नाही, पांढरं लुगडं नाही. मागे जगलेला माणूस, बस्स. पण नोव्हेंबरमध्ये हयातीच्या दाखल्याला आजीबाई येतात तेव्हा मला रेकॉर्डवरचा फोटो ताडून पाहावा लागतो. फोटोत ठसठशीत कुंकू आणि काउंटरपलीकडे तेच नाक, तेच डोळे, पण कपाळ कोरं. उत्तरजीवी पुरुष येतो तेव्हा असं काही जुळवावं लागत नाही. त्याचा फोटो जसा होता तसाच असतो, फार तर केस कमी. एकदा एका बाईंनी मला आपण होऊन सांगितलं, ‘‘साहेब, फोटो बदलून देऊ का? हा तेव्हाचा आहे.’’ त्या साठीच्याही नव्हत्या. मी म्हटलं, काही गरज नाही, चेहरा जुळतो. त्यांनी फोटोकडे जरा वेळ पाहिलं आणि पासबुक मिटवलं.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही त्याचा कित्ता गिरवायला सांगितलं. मी ते परिपत्रक आजींना वाचून दाखवलं होतं. आजी म्हणाल्या, ‘‘आता कायले? आता हाय ना हे,’’ आणि गोंदणावर बोट ठेवलं. पण त्यांच्या नातसुनेने, जी दोन वर्षांपूर्वी विधवा झाली, ते परिपत्रक माझ्याकडून मागून घेतलं आणि घडी करून ब्लाउजमध्ये ठेवलं. ती त्याचं काय करणार आहे हे मी विचारलं नाही. या मंडईला ती लेकीला घेऊन नाटकाला आली होती. कपाळावर बारीक टिकली होती, मंडपात दिवे बेताचेच होते, आणि लोकांचं लक्ष रंगमंचाकडे होतं.

नीरेचं पुढे काय झालं ते सिनेमा सांगत नाही. आजींनी तेच विचारलं, दुसऱ्या दिवशी, जागरणाने तारवटलेल्या डोळ्यांनी: ‘‘त्या पोरीनं मंग केलं का लगन?’’

मी म्हटलं, ते ठाऊक नाही. पण तिचं काम करणारी जी शांता आपटे, तिचं माहीत आहे. १९३९ साली कंपनीशी करारावरून तिचं वाजलं, तेव्हा ती त्याच प्रभातच्या फाटकाशी उपोषणाला बसली. पुढच्या साली तर ‘जाऊ मी सिनेमात?’ नावाचं पुस्तकच लिहिलं तिने.

आजी बराच वेळ विचार करत राहिल्या.

‘‘फाटकाशी बसली? मालकाच्या?’’

‘‘हो.’’

‘‘चांगलं केलं,’’ आजी म्हणाल्या. ‘‘पन मंग जेवली कवा?’’